उंची वाढते ती हाडाच्या टोकाशी

‘कोणत्याही वयात उंची वाढवा’ अशी जाहिरात परवा पुन्हा दिसली. पावडरचा डबा आणि शेजारी दांडीला लोंबकळणारा तरुण. अशा जाहिराती खपतात, कारण हाड ताणलं की लांब होतं असं आपल्या मनात कुठेतरी असतं. प्रत्यक्षात ते ताणून वाढत नाही.

ही गोष्ट स्टीफन हेल्स या इंग्लिश शास्त्रज्ञाने पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी पाहिली. त्याने कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडावर अर्ध्या इंचाच्या अंतराने दोन भोकं पाडली. दोन महिन्यांनी पाहिलं, तर हाड इंचभर वाढलेलं, पण भोकांमधलं अंतर होतं तेवढंच! म्हणजे मधला भाग वाढलाच नव्हता. सगळी वाढ टोकांकडे झाली होती.

मुलांच्या हातापायांच्या लांब हाडांत, टोकांजवळ कास्थीची, म्हणजे हाडापेक्षा मऊ अशा कूर्चेची, एक पातळ पट्टी असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिच्यातल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या उभ्या रांगांत रचलेल्या असतात. टोकाकडच्या बाजूला पेशी विभागतात आणि नव्या पेशी रांगेत येतात. हाडाच्या मधल्या भागाकडच्या जुन्या पेशी विभागणं थांबवून फुगू लागतात. एकेक पेशी मूळ आकारमानाच्या दहापट किंवा त्याहूनही मोठी होते, आणि हे फुगणं मुख्यतः हाडाच्या लांबीच्या दिशेने होतं. मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हाच टप्पा. लांबी बऱ्याच अंशी मिळते ती पेशींची संख्या वाढल्याने नाही, तर त्या अशा फुगल्याने. गुडघ्याजवळची पट्टी झपाट्याने वाढते आणि कोपराजवळची सावकाश, यामागेही पेशी किती फुगतात हे एक मोठं कारण आहे. फुगून झालेल्या पेशींभोवती कॅल्शियमचे क्षार साचतात, बहुतेक पेशी मरतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि अस्थिपेशी तिथे खरं हाड रचतात. पट्टी तेवढी पुढे सरकते.

वृद्धी संप्रेरक, यकृतात आणि खुद्द पट्टीतही तयार होणारं आयजीएफ-१ हे वाढीचं प्रथिन, थायरॉइडचं संप्रेरक आणि पुरेसं अन्न या सगळ्यांवर हे काम चालतं. वेग मात्र एकसारखा नसतो. कोकरांच्या पायाच्या हाडात संवेदक बसवून 2004 साली मोजणी झाली, तेव्हा निदान 90 टक्के वाढ कोकरू आडवं असताना झालेली आढळली. उभं राहिलं की पट्टीवर शरीराचा भार येतो, हे त्याचं संभाव्य कारण.

आणि हे थांबतं कसं? इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे, मुलींमध्येही आणि मुलग्यांमध्येही. मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून थोडं इस्ट्रोजेन बनतं. याचा ठोस पुरावा 1994 साली मिळाला. इस्ट्रोजेनचा ग्राही, म्हणजे त्याचा संदेश पकडणारा पेशीतला रेणूच, निकामी असलेला 28 वर्षांचा एक पुरुष 204 सेंटीमीटर उंच होता आणि त्याच्या पट्ट्या अजून उघड्या होत्या, उंची वाढतच होती. एरवी वयात आल्यावर काही वर्षांत पट्टीतल्या पेशींची विभागण्याची क्षमता संपते आणि तिच्या जागी हाड येतं.

एकदा पट्टी बुजली की कोणतीही पावडर ती उघडू शकत नाही. लोंबकळल्याने मणक्यांमधल्या चकत्या थोडा वेळ सैलावतात, एवढंच. असे डबे विकणं ही मला सरळ फसवणूक वाटते. त्यात पैसे जातात ते जातातच, पण खरा आजार असलेल्या मुलाचा उपचाराचा काळही निघून जातो, आणि तो परत मिळत नाही.

म्हणून उंची नियमित मोजून लिहून ठेवावी. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटीमीटर वाढतं. वेग त्याहून बराच कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. डाव्या हाताच्या पंजा-मनगटाच्या एका एक्स-रेवरून हाडांचं वय कळतं, आणि पट्ट्या बुजायला अजून किती अवकाश आहे याचा अंदाज येतो.