खिशातल्या हँडहेल्डमध्ये अख्खं जुनं मशीन चालू असतं

मियू मिनी प्लस, अ‍ॅनबर्निकचा आरजी३५एक्सएक्स एच, अशी छोटी रेट्रो हँडहेल्ड, म्हणजे जुने व्हिडिओ गेम खेळायची हातात मावणारी मशीन, हल्ली बऱ्याच जणांच्या हातात दिसायला लागलीयेत. साडेतीन इंची स्क्रीन, डावीकडे डी-पॅड, उजवीकडे चार बटणं, बाजूला मेमरी कार्डची खाच. लोक घेतात, चालू करतात, हजारो गेमची यादी बघून खूश होतात, दहा गेम दोन-दोन मिनिटं खेळतात आणि आठवड्याभरात ते ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्या डब्याच्या सेटिंगमध्ये जे विचित्र नावांचे पर्याय असतात ना, त्यातला जवळजवळ प्रत्येक पर्याय जुन्या मशीनमधल्या एखाद्या खऱ्या गोष्टीमुळे तिथे आलाय, आणि ती गोष्ट एकदा कळली की सेटअप करणं हे कंटाळवाणं काम राहत नाही.

उदाहरणाला फॅमिकॉम घेऊ, कारण नव्वदीत आपल्याकडे टीव्हीला जोडून जो व्हिडिओ गेम खेळायचे तो बहुतेक वेळा याच मशीनची नक्कल असायचा. मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट, आणि ती पिवळी कॅसेट, वर ९९९९ गेम लिहिलेले आणि आत मोजकेच, तेच तेच गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. मूळ फॅमिकॉम निन्टेंडोनं १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये आणला. आत रिकोचा प्रोसेसर, ६५०२ जातीचा, वेग १.७९ मेगाहर्ट्झ आणि काम करायला मेमरी फक्त २ किलोबाइट. पहिला सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवलाय, इतकी काटकसर की त्यातले ढग आणि खालची झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. नीट बघा एकदा, विश्वास बसत नाही पण तसंच आहे.

आता हे ४० केबी म्हणजे ६५०२ ला दिलेल्या आज्ञा आणि चित्रांचा डेटा. तुमच्या हँडहेल्डमधला प्रोसेसर एआरएम जातीचा, त्याला यातली एकही आज्ञा समजत नाही. म्हणून इम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम मधे बसतो आणि तो सॉफ्टवेअरमध्ये एक खोटा फॅमिकॉम उभा करतो, खोटी मेमरी, खोटे रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या चालू आकडे ठेवायच्या छोट्या जागा), खोटी चित्राची चिप, खोटी आवाजाची चिप. मग गेममधली एक आज्ञा वाचायची, खऱ्या ६५०२ नं तिचं काय केलं असतं ते करायचं, पुढची वाचायची. सभेत दुभाष्या वाक्यामागून वाक्य सांगत जातो तसं हे काम चालतं आणि याला इंटरप्रिटर म्हणतात. दुसरी पद्धत म्हणजे आज्ञांचा एक तुकडाच्या तुकडा एआरएमच्या भाषेत बदलून ठेवायचा आणि तो भाग परत आला की तयार भाषांतर वापरायचं, हे डायनॅमिक रिकम्पायलेशन, मेनूमध्ये याला थोडक्यात डायनारेक लिहिलेलं असतं. पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर ३३.८७ मेगाहर्ट्झचा, तो मियूसारख्या छोट्या चिपवर सुरळीत पळतो याचं बरंचसं श्रेय या डायनारेकला जातं, त्यामुळे ‘हे काय आहे’ म्हणून तो पर्याय बंद करू नका.

मियू मिनी प्लसचा प्रोसेसर १.२ गिगाहर्ट्झचा. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, धरल्या तर एका फ्रेममध्ये त्याच्याकडे २ कोटी ठोके, म्हणजे प्रोसेसरची छोट्यात छोटी पावलं, असतात, आणि फॅमिकॉमला एका फ्रेममध्ये साधारण २९,७८० ठोके मिळायचे. म्हणजे जुन्या मशीनच्या एका ठोक्यासाठी नव्याकडे साडेसहाशेपेक्षा जास्त ठोके. वाटतं की हे भरपूर झालं, पण खऱ्या फॅमिकॉममध्ये प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाज हे सगळं एकाच वेळी चालायचं, प्रोसेसरच्या प्रत्येक ठोक्याला चित्राची चिप तीन ठिपके पुढे सरकायची, आणि इम्युलेटरला हे सगळं आळीपाळीनं करून शेवटी असं दाखवावं लागतं की जणू ते एकाच क्षणी झालं.

आणि गेम बनवणारे लोक या वेळेवर अक्षरशः विसंबून होते. मारिओमध्ये वरची स्कोअरची पट्टी जागेवर राहते आणि खालचं जग सरकतं, आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, पण फॅमिकॉमला दोन वेगळे थर ठेवायची सोयच नव्हती. मग त्यांनी काय केलं, तर स्कोअरच्या पट्टीतल्या त्या छोट्या नाण्याच्या खालच्या कडेवर एक स्प्राइट, म्हणजे पार्श्वभूमीपासून सुटं हलवता येणारं छोटं चित्र, ठेवला, टीव्ही वरून खाली रेषा ओढत तिथे पोचला की चिप एक खूण करते, प्रोसेसर त्या खुणेची वाट बघत थांबलेला असतो, खूण दिसली की लगेच स्क्रोलचा, म्हणजे चित्र किती सरकवायचं त्याचा, आकडा बदलतो. दर फ्रेमला हे होतं. मला आजही हे फार सुंदर काम वाटतं. इम्युलेटरची वेळ चुकली तर ती पट्टी थरथरायला लागते.

याचं टोक बघायचं तर सुपर निन्टेंडोचा बीएसएनईएस हा इम्युलेटर. निअर या टोपणनावानं काम करणाऱ्या प्रोग्रॅमरनं तो लिहिला, खऱ्या मशीनशी ठोक्या-ठोक्यानं जुळणारा, आणि २०११ मध्ये त्यांनी सविस्तर लिहून सांगितलं होतं की एवढी अचूकता हवी तर ३ गिगाहर्ट्झचा पीसी लागतो. मूळ मशीनचा प्रोसेसर ३.५८ मेगाहर्ट्झचा! मग एवढी अचूकता कशाला? स्पीडी गोन्झालेसच्या गेममध्ये शेवटाकडे एक बटण आहे, त्यावर पाय दिला की जुन्या घाईच्या इम्युलेटरवर गेम कायमचा अडकायचा, कारण तिथे प्रोग्रॅम मेमरीत अशा जागेवरून वाचतो जिथे काहीच जोडलेलं नाही, आणि खऱ्या मशीनमध्ये तारांवर आधीचा आकडा शिल्लक असतो त्यामुळे तिथे गाडी पुढे सरकते. एका गेममधल्या एका बटणासाठी कुणीतरी एवढ्या खोलात गेलं, म्हणून तो गेम आज शेवटपर्यंत खेळता येतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. अनेकांना हँडहेल्डवर मारिओ लावला की वाटतं, हा आठवतो त्यापेक्षा फास्ट का पळतोय, म्युझिक पण घाईत का वाजतंय. तुमची आठवण बरोबर आहे. जपान-अमेरिकेतल्या टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र लागायचं, आपल्याकडच्या पाल टीव्हीला ५० वेळा. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या फॅमिकॉमच्या नकलांमध्ये चिप अशा बदलल्या होत्या की प्रोसेसरचा वेग जवळपास तोच, पण फ्रेम ५०. गेमचं सगळं काम फ्रेमच्या हिशोबानं चालतं, एका फ्रेमला इतके पिक्सेल पळ, इतक्या फ्रेमनी पुढचा सूर वाजव, त्यामुळे सगळा गेम साधारण १७ टक्के हळू व्हायचा, पण सुरांची पट्टी प्रोसेसरच्या वेगावरून ठरते म्हणून गाणं बेसूर न होता फक्त संथ वाजायचं. फॅमिकॉमच्या कोअर ऑप्शनमध्ये, म्हणजे त्याच्या इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये, रीजन म्हणून पर्याय असतो, त्यात एनटीएससी (जपान-अमेरिकेची ६० वाली पद्धत), पाल आणि तिसरं एक नाव दिसतं, डेंडी. डेंडी ही १९९२ पासून रशियात विकली गेलेली अशीच नक्कल, तिच्या नावानं हे टायमिंग ओळखलं जातं. ते निवडा आणि लहानपणीचा मारिओ परत त्या वेगानं पळायला लागेल.

बरं, प्रत्यक्ष सेटअप. पहिलं काम कार्ड बदलणं. सोबत येणारं कार्ड बऱ्याचदा बिननावाचं असतं आणि असली कार्ड लवकर जातात, त्यामुळे आधी त्याची पूर्ण कॉपी पीसीवर घ्या आणि चांगल्या कंपनीचं कार्ड लावा. इथे दोन मशीनमध्ये फरक आहे. अ‍ॅनबर्निकमध्ये अख्खी लिनक्स सिस्टिम कार्डावरच असते, म्हणून म्यूओएस किंवा दुसरी कुठली सिस्टिम टाकायची तर इमेज फाइल बलेना एचरसारख्या प्रोग्रॅमनं कार्डावर लिहावी लागते, नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. मियूवर ओनियन ही सिस्टिम टाकताना मात्र कार्ड फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट करून फाइल्स कॉपी केल्या की झालं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या कार्डाला फॅट३२ दिसत नाही, त्यासाठी रूफस वगैरे वापरा. गेम ज्या त्या मशीनच्या फोल्डरमध्ये जातात, आणि फोल्डरचं नाव जसं दिलंय तसंच राहू द्या कारण त्या नावावरूनच कुठला इम्युलेटर चालू करायचा ते ठरतं.

बायोस फोल्डरवरून लोक फार गोंधळतात. प्लेस्टेशन चालू झाल्यावर जो आवाज आणि लोगो यायचा तो मशीनमधल्या ५१२ किलोबाइटच्या चिपमधून यायचा, आणि गेमही सीडी वाचायला, मेमरी कार्डावर लिहायला त्याच चिपमधली तयार कामं वापरायचे. म्हणून इम्युलेटरला त्या चिपची प्रत, म्हणजे बायोसची फाइल, लागते. नसेल तर तो स्वतःच्या पदरच्या कामांनी भागवतो, पण काही गेम त्यावर अडखळतात. फॅमिकॉम कॅसेटला हे लागत नाही कारण सगळा प्रोग्रॅम कॅसेटमध्येच.

चित्राच्या बाबतीत थोडं गणित करा, फायदा होईल. या स्क्रीन ६४० बाय ४८० च्या. प्लेस्टेशनचे बरेच गेम ३२० बाय २४०, म्हणजे बरोबर दुप्पट, एकदम टापटीप. गेम बॉय १६० बाय १४४, तिप्पट केलं तर ४८० बाय ४३२, कडेला काळी चौकट राहते पण प्रत्येक ठिपका सारखा. चौकट नको म्हणून ताणलं की काही ठिपके तीन पिक्सेलचे आणि काही चारचे होतात, आणि चित्र सरकताना ते डोळ्यांत खुपतं. इंटिजर स्केल हा पर्याय यासाठीच, मी तो गेम बॉयला नेहमी चालू ठेवतो. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचं चित्र २४० बाय १६०, ते इथे नीट बसतच नाही, दुप्पट केलं तर फार छोटं दिसतं, म्हणून तिथे बारीक धूसर करणारा फिल्टर लावलेला बरा. आणि त्याच अ‍ॅडव्हान्सला कलर करेक्शनही द्या: २००१ च्या पहिल्या मॉडेलच्या स्क्रीनला आतून लाइट नव्हता, अंधुक दिसायचं, म्हणून गेम करणाऱ्यांनी रंग मुद्दाम भडक ठेवले होते, ते आजच्या चमकदार आयपीएस स्क्रीनवर अंगावर येतात.

डक हंट मात्र विसरा. बंदुकीचा चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, बंदुकीतला सेन्सर तो उजेड पकडायचा, तोही जुन्या काचेच्या टीव्हीचा, रेषा-रेषांनी लुकलुकणारा. हँडहेल्डवर ना ती बंदूक ना तो टीव्ही.

बटण दाबल्यावर उडी उशिरा होते असं वाटत असेल तर रेट्रोआर्क या बरेच इम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममधलं रन-अहेड बघा, २०१८ मध्ये आलेली सोय आहे आणि कल्पना जबरदस्त आहे. बरेच गेम बटण वाचून एक-दोन फ्रेमनी चित्र बदलतात, मूळ मशीनवरही. तर इम्युलेटर काय करतो, तुमचं बटण घेऊन गुपचूप पुढच्या फ्रेम चालवतो, ती पुढची फ्रेम तुम्हाला दाखवतो आणि परत मागच्या क्षणाला येतो. एक फ्रेम १६.७ मिलीसेकंदांची, त्यात एवढी ये-जा. गेम बॉय, फॅमिकॉमला ठीक, मोठ्या मशीनना छोट्या चिपवर हे जड जातं.

मागच्या क्षणाला येणं शक्य होतं ते सेव्ह स्टेटमुळे. सगळी मेमरी आणि सगळे रजिस्टर जसेच्या तसे लिहून ठेवले की तो क्षण जपला गेला. पण गेमच्या आतलं सेव्ह वेगळं. पूर्वी कॅसेटमधल्या मेमरीला जिवंत ठेवायला गोल सेल असायचा, पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळही त्यावरच म्हणून तो सेल लवकर संपायचा, आज त्या मेमरीतलं सगळं कार्डावरच्या एका फाइलमध्ये जातं. एवढं लक्षात ठेवा की जुनं स्टेट लोड केलं तर बहुतेक वेळा गेमच्या आतलं सेव्हही जुनं होतं, आणि स्टेट दुसऱ्या इम्युलेटरवर चालेलच असं नाही. महिनाभर खेळायचा गेम असेल तर आतलं सेव्ह वापरा, आणि बंद करताना गेममधून बाहेर पडून मग बंद करा, कारण ती फाइल बऱ्याचदा बाहेर पडतानाच कार्डावर लिहिली जाते.

कायद्याचं सरळ सांगतो. इम्युलेटर बनवणं बेकायदा नाही, सोनी विरुद्ध कनेक्टिक्स (प्लेस्टेशनचा इम्युलेटर बनवणारी कंपनी) खटल्यात २००० साली अमेरिकेच्या अपील कोर्टानं कनेक्टिक्सच्या बाजूनं निकाल दिला. पण गेमवर कॉपीराइट आहेच आणि कार्डावर भरून मिळणारे हजारो गेम परवानगीनं भरलेले नसतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत आहे त्याला नुकसान होऊ नये म्हणून बॅकअप घ्यायची मुभा आहे, आणि स्वतःची कॅसेट वाचून घ्यायची छोटी यंत्रं मिळतात. अडचण ही की बरेच जुने गेम विकतही मिळत नाहीत, व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारातून गायब होते.

म्हणून मी नवीन माणसाला आधी नव्यानं लिहिलेले जुन्या मशीनचे गेम सुचवतो. मायक्रो मेजेस २०१९ मध्ये आला, विकत घ्यावा लागतो, चार जण एकत्र खेळू शकतात आणि तरी त्यांनी तो ४० किलोबाइटमध्येच बसवलाय, मारिओइतकाच. टोबू टोबू गर्ल हा २०१७ चा गेम बॉयचा गेम फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोडही उघडा आहे. तो उतरवून गेम बॉयच्या फोल्डरमध्ये टाका, इंटिजर स्केल चालू ठेवून दोन डाव खेळा, मग रन-अहेड एक फ्रेमवर ठेवून परत खेळा, उडीतला फरक बोटांना कळतो.