व्यायामाचे लक्ष्य आणि व्यायामाची हजेरी : एक पार्श्वभूमी

नागपुरात उजाडण्यापूर्वीच अंबाझरीच्या काठावर, फुटाळ्याला, सेमिनरी हिल्सच्या चढावर आणि सिव्हिल लाइन्समधील वॉकर्स स्ट्रीटवर फिरणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. 'आज किती झाले?' हा त्यांचा परस्परांना विचारायचा नेहमीचा प्रश्न आहे. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर चकरांमध्ये मिळत असे, आता ते मनगटावरील घड्याळ पाहून पावलांमध्ये दिले जाते आणि बहुतेकांच्या मनात दहा हजार हा आकडा पक्का बसलेला असतो. व्यायाम टिकवायचा असेल तर आधी लक्ष्य ठरवावे, हा सल्ला आज डॉक्टर, जिममधील प्रशिक्षक आणि मोबाइलमधील ॲप हे सगळेच देतात. मात्र या सल्ल्याचा उगम व्यायामाच्या मैदानावर झालेला नाही. तो कारखान्यात झाला, आणि त्याचे सामर्थ्य व त्याची मर्यादा या दोन्हींचा उलगडा त्या जन्मस्थानाकडे पाहिले की बऱ्याच अंशी होतो.

फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली. प्रत्येक कामगाराला दिवसाचे काम मोजून, नेमून द्यावे, हा त्यांतील एक गाभ्याचा विचार होता. नेमलेल्या आकड्याचा मनावर काय परिणाम होतो, हे प्रयोगाने तपासण्याचे काम पुढे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सी. ए. मेस यांनी केले. 'जमेल तितके चांगले करा' असे सांगितलेल्या लोकांपेक्षा ठरावीक मर्यादा गाठायला सांगितलेल्यांची प्रगती अधिक होते, असे त्यांच्या १९३५ सालच्या अहवालात दिसते. तीस-पस्तीस वर्षांनी, १९६८ मध्ये, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी या धाग्याला सिद्धान्ताचे रूप दिले. लक्ष्य स्पष्ट असावे, ते अवघड असावे आणि माणसाने ते मनापासून स्वीकारलेले असावे, म्हणजे कामगिरी वाढते, हे त्याचे सार होय.

गॅरी लॅथम यांनी हा सिद्धान्त प्रयोगशाळेबाहेर नेला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ओक्लाहोमातील अभ्यास आजही आवर्जून सांगितला जातो. तेथे लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने मान्य असलेल्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच भरले जात होते. चालकांना ९४ टक्क्यांचे लक्ष्य देण्यात आले. त्यासाठी कोणतीही जादा मजुरी दिलेली नव्हती, तरीही काही महिन्यांत भार ९० टक्क्यांवर जाऊन स्थिरावला. या यशाने व्यवस्थापनशास्त्र भारावून गेले, आणि ते साहजिकही होते.

मात्र येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. ट्रकचालक कामावर येणार की नाही, हा त्या अभ्यासातील प्रश्नच नव्हता. तो रोज येत होताच, कारण त्याचे पोट त्यावर अवलंबून होते. लक्ष्याने बदलले ते इतकेच की, आलेला माणूस ट्रक किती भरतो. व्यायामाची अडचण बरोबर याच्या उलट आहे. मैदानावर पोहोचलेला माणूस थोडाफार व्यायाम करतोच, पण तो मंगळवारी येतो, बुधवारी येतो आणि गुरुवारपासून दिसेनासा होतो. कारखान्यातून आलेला सिद्धान्त मुळात उत्पादनाचा आहे आणि व्यायामाचा प्रश्न हजेरीचा आहे.

हजेरीचा हा प्रश्न नागपूरकरांना नवा नाही. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कामगारांची अनियमित हजेरी ही त्या गिरणीची मोठी डोकेदुखी होती. जमशेटजींनी दंडाचा मार्ग टाळला आणि भविष्य निर्वाह निधी, विमा, खेळांचे दिवस, बक्षिसे अशा योजना आणल्या. मागावर किती वार कापड निघावे, हे ठरवण्याआधी कामगाराला उद्या परत यावेसे कसे वाटेल याचा विचार त्यांना करावा लागला. व्यायामाविषयीच्या संशोधनाला हाच क्रम उमगायला बराच काळ जावा लागला, असे मला वाटते.

आपल्याकडे आकड्याचे महत्त्व ओळखलेले नव्हते, असे मात्र नाही. आखाड्यात जोर-बैठकांचा आकडा वस्ताद ठरवत असे आणि नव्या पोराचा दम पाहून तो हळूहळू चढवत असे. समर्थ रामदास टाकळीला रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, अशी परंपरागत समजूत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा नेटाने प्रसार केला, तोही रोजच्या ठरावीक संख्येच्या आधारेच. नागपूरपासून दीडशे किलोमीटरवर असलेल्या अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने विदर्भातील कितीतरी पिढ्यांना व्यायामाची शिस्त लावली. या परंपरेत संख्या होती, पण ती एकटी कधीच नव्हती. तिच्या जोडीला ठरलेली वेळ होती, ठरलेली जागा होती, जोडीदार होता, आणि एखादा दोन दिवस आला नाही तर 'काय रे, कुठं होतास?' असे विचारणारे माणूस होते. आकडा घराघरात पोहोचला तेव्हा या गोष्टी मात्र मागे राहिल्या.

लॉक आणि लॅथम यांनी १९८५ मध्ये आपला सिद्धान्त खेळालाही लागू पडेल, असा लेख लिहिला आणि त्यानंतर क्रीडामानसशास्त्रज्ञांनी त्याची कसून तपासणी सुरू केली. निकाल अपेक्षेइतके स्वच्छ आले नाहीत. रॉबर्ट वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिट-अप्सच्या प्रयोगांत अवघड लक्ष्य दिलेले आणि 'जमेल तितके करा' असे सांगितलेले गट यांच्यात विशेष फरक आढळला नाही. याचे एक कारण सहज पटण्याजोगे आहे. व्यायाम करणाऱ्याला लक्ष्य दिले नाही तरी तो मनाशी आकडा ठरवतोच आणि शेजाऱ्याच्या आकड्यावर नजर ठेवतोच. १९९५ मध्ये किलो आणि लँडर्स या संशोधकांनी खेळ व व्यायामातील अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा लक्ष्याचा उपयोग होतो हे दिसले, पण सर्वाधिक उपयोग अतिशय अवघड लक्ष्याचा नसून मध्यम लक्ष्याचा होता. ओंडक्यांच्या ट्रकला लागू पडलेला नियम शरीराला जसाच्या तसा लागू पडला नाही.

याच्या थोडे आधी झालेला एक प्रयोग मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत उपयुक्त वाटतो. अल्बर्ट बंडुरा आणि डॅनियल सर्व्होन यांनी १९८३ मध्ये हातांनी दांडे पुढे-मागे ढकलण्याच्या व्यायामयंत्रावर लोकांना बसवले. काहींना केवळ लक्ष्य दिले, काहींना केवळ त्यांनी किती जोर लावला याची माहिती दिली, काहींना दोन्ही दिले आणि काहींना यांपैकी काहीच दिले नाही. ज्यांना लक्ष्य आणि माहिती ही दोन्ही मिळाली होती, त्यांचा प्रयत्न इतरांपेक्षा ठळकपणे वाढला. केवळ लक्ष्य मिळालेल्यांची गत काहीच न मिळालेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. संकल्प मनात असून मोजदाद नसेल, तर तो विरून का जातो, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

मोजदाद सोपी केली ती जपानने. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, यामासा या कंपनीने 'मानपो-केई' नावाचे कमरेला लावायचे पाऊलमापक बाजारात आणले. या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होतो. आज जगभर प्रमाण मानला जाणारा हा आकडा मुळात एका उपकरणाच्या नावातून रूढ झाला. पुढे २००७ मध्ये डीना ब्रवाटा आणि सहकाऱ्यांनी २६ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत पाऊलमापक वापरणाऱ्यांचे चालणे सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेले दिसले, आणि ही वाढ प्रामुख्याने त्यांनाच लाभली ज्यांच्यासमोर पावलांचे काही ना काही लक्ष्य होते. २०१९ मध्ये आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर ४१ टक्क्यांनी कमी होता आणि साडेसात हजारांच्या आसपास हा लाभ स्थिरावत होता. गुडघे दुखत असूनही दहा हजार पूर्ण होत नाहीत म्हणून खट्टू होणाऱ्या आजींना हे कोणीतरी आवर्जून सांगायला हवे.

इकडे कार्यालयांतून आणखी एक सूत्र जिममध्ये आले. जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये व्यवस्थापकांसाठी इंग्रजी आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या 'स्मार्ट' लक्ष्याची कल्पना मांडली : लक्ष्य नेमके असावे, मोजता यावे, त्याला मुदत असावी, वगैरे. लक्षात राहायला सोपे असल्यामुळे ते आरोग्य पुस्तिकांत शिरले आणि जणू व्यायामासाठीच सिद्ध झालेले शास्त्र म्हणून मिरवू लागले. अलीकडे ख्रिश्चन स्वान आणि सहकाऱ्यांनी त्यावर सविस्तर टीका केली आहे. नवख्या माणसाला अवघड, नेमका आकडा दिला, तर त्याच्या वाट्याला आधी अपयश येते, ही त्यातील एक बाजू आहे. २०२० मधील चालण्याच्या एका प्रयोगात, आधीपासून सक्रिय असलेल्यांना नेमके लक्ष्य मानवले, तर फारसा व्यायाम न करणाऱ्यांना 'बघू या, आज किती चालता येते' अशा मोकळ्या लक्ष्यात अधिक आनंद वाटला. भारतात ही दुसरी मंडळी थोडीथोडकी नाहीत. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मधील २०२४ च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशातील जवळपास ४९ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी १९८० च्या दशकापासून मांडलेला स्वयंनिर्णयाचा सिद्धान्त येथे उपयोगी पडतो. लक्ष्य कोणाचे आहे, हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे. डॉक्टरांनी दटावले म्हणून किंवा लग्नसमारंभात चांगले दिसावे म्हणून धरलेला व्यायाम ते कारण संपताच सुटतो. चालणे स्वतःलाच आवडू लागले किंवा त्याचे मोल मनाला पटले, तर तो टिकण्याची शक्यता वाढते.

हजेरीचा प्रश्न थेट हाताळला तो पीटर गोलविट्झर यांच्या विचाराने. 'मी व्यायाम करीन' या निश्चयाला 'कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे' याची जोड द्यावी, असे त्यांनी १९९० च्या दशकात मांडले. २००२ मध्ये ब्रिटनमधील विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात अशी वेळ आणि जागा लिहून ठेवणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी पुढील आठवड्यात व्यायाम केला, तर काहीच न लिहिणाऱ्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. नुसते व्यायामाचे फायदे वाचून प्रेरित झालेल्यांची स्थिती त्यांच्याहून बरी नव्हती. नागपुरात हे नियोजन वर्षातून किमान दोनदा बदलावे लागते, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो तेव्हा हिवाळ्यातली साडेसातची वेळ निरुपयोगी ठरते. ज्याने 'उन्हाळ्यात पाच वाजता' असे आधीच ठरवलेले नसते, त्याची साखळी होळीनंतर तुटते आणि ती पाऊस सुरू होईपर्यंत पुन्हा जोडली जात नाही.

साखळी तुटल्यावर काय करावे, यावर २०२१ मध्ये कॅथरीन मिल्कमन यांच्या नेतृत्वाखालील एका प्रचंड अभ्यासाने प्रकाश टाकला. अमेरिकेतील एका जिमसाखळीच्या ६१,२९३ सदस्यांवर ५४ वेगवेगळे उपाय चार आठवडे करून पाहण्यात आले आणि त्यांपैकी ४५ टक्के उपायांनी जिममधील हजेरी ९ ते २७ टक्क्यांनी वाढवली. सर्वांत प्रभावी ठरलेला उपाय साधा होता. खाडा झाल्यानंतर पुन्हा आलेल्याला काही सेंटचे जादा बक्षीस दिले जात असे. लक्ष्य किती मोठे आहे यापेक्षा खाड्यानंतरचा दिवस कसा हाताळला जातो, हे येथे निर्णायक ठरले. मात्र चार आठवडे संपल्यावर परिणाम टिकून राहिलेले उपाय अवघे ८ टक्के होते.