माजी सैनिकांमधील लैंगिक आरोग्याच्या समस्या

सैनिकी सेवेतील इजा, मानसिक आघात, विषारी द्रव्यांशी आलेला संपर्क किंवा यांवरील औषधोपचार यांमुळे उद्भवणाऱ्या व सेवा संपल्यावरही टिकून राहणाऱ्या लैंगिक आणि प्रजननविषयक तक्रारी. कामेच्छा मंदावणे, शिश्नाला ताठरता न येणे, वीर्यस्खलनातील बिघाड, वेदनादायक समागम व वंध्यत्व या त्यांतील प्रमुख होत. संशोधन मुख्यत्वे अमेरिकी व ब्रिटिश सैन्यांतील पुरुषांवर झालेले असल्याने प्रस्तुत नोंदीचा भरही तेथेच आहे.

पद्धतशीर अभ्यासाचा आरंभ सामान्यतः दुसऱ्या महायुद्धातील मज्जारज्जूच्या जखमींपासून मानतात. पूर्वी असे जखमी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग व शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) यांमुळे लवकर दगावत. लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे सुरू केलेल्या केंद्रासारख्या ठिकाणी ते जगू लागले आणि त्यांच्या विवाहाचा व अपत्यांचा प्रश्न वैद्यकापुढे उभा राहिला. स्पर्शाने येणारी ताठरता मज्जारज्जूच्या त्रिक (सर्वांत खालच्या) भागातील प्रतिक्षेपावर, म्हणजे मेंदूविना आपोआप होणाऱ्या प्रतिक्रियेवर, तर विचाराने किंवा दृश्याने येणारी मुख्यतः त्यावरच्या वक्ष-कटी (छाती-कमरेच्या) भागातील मार्गावर अवलंबून असते. म्हणून जखम वरच्या भागात असल्यास पहिली बहुधा शाबूत राहते. त्रिक भाग निकामी झाल्यास ती जाते. स्खलन मात्र दोन्ही प्रकारांत बहुधा बिघडते.

आघातोत्तर ताण विकार, अर्थात पीटीएसडी (भीषण अनुभवानंतर टिकून राहणारा मानसिक विकार), हे निदान १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात आले. लैंगिक अक्षमतेशी त्याचा संबंध आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. वाद आहे तो कारणाचा. एका मतानुसार दोष औषधांचा : या विकारावरील सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन ही नैराश्यरोधक औषधे कामेच्छा घटवतात व स्खलन लांबवतात. दुसरे मत सोबतचे नैराश्य, मद्यपान व धूम्रपान यांकडे बोट दाखवते. तिसऱ्या मतानुसार मूळ विकारातच आहे. कामोत्तेजना आणि भय यांत छातीची धडधड, जलद श्वास अशी शरीराची प्रतिक्रिया सारखीच असल्याने सतत सावध राहिलेला मेंदू उत्तेजनेलाही धोका समजतो. औषधे न घेणाऱ्यांतही या तक्रारी आढळतात, हे पाहता तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. औषधे त्यांत भर घालतात.

प्रमाणाचे आकडे जपून वाचावे लागतात. २००२ मधील एका लहान अमेरिकी अभ्यासात पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांपैकी ८५ टक्क्यांना, तर तो नसलेल्यांपैकी २२ टक्क्यांना ताठरतेची अडचण होती. उलट इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या चार लाखांहून अधिक पुरुषांच्या वैद्यकीय नोंदी तपासणाऱ्या २०१४ मधील अभ्यासात लैंगिक विकाराचे निदान सुमारे ५.५ टक्के एवढेच होते. दोन्ही गट वयाने व आजाराने भिन्न आहेत. शिवाय पहिल्यात प्रत्येकाला प्रश्न विचारला गेला, दुसऱ्यात तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचलेलेच मोजले गेले. संकोचामुळे कित्येक जण बोलतच नाहीत. म्हणून विषय डॉक्टरांनीच काढणे हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे.

इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत जमिनीत पेरलेल्या स्फोटकांनी जननेंद्रियांच्या जखमा वाढवल्या. २००१ ते २०१३ या काळात १,३६७ अमेरिकी पुरुष सैनिकांना मूत्र-जननमार्गाच्या इजा झाल्या. बहुतेक पस्तिशीच्या आतले होते. २०१८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अफगाणिस्तानात जखमी झालेल्या एका सैनिकावर शिश्न व वृषणकोशाचे प्रत्यारोपण झाले. होणारे अपत्य दात्याच्या बीजाचे ठरू नये, म्हणून वृषण मात्र बसवले नाहीत.

सेवेतील लैंगिक अत्याचार हे स्वतंत्र कारण आहे. अमेरिकी माजी सैनिक विभागाच्या विचारणेत सुमारे तीनपैकी एक स्त्री व पन्नासपैकी एक पुरुष असा अनुभव सांगतो. सैन्यात पुरुष पुष्कळ अधिक असल्याने पीडित पुरुषांची संख्याही लहान नाही.

उपचारांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) वर्गातील ताठरता आणणारी औषधे, औषधबदल, समुपदेशन व जोडीदाराचा सहभाग येतो. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांना सिल्डेनाफिल देत नाहीत. अपत्य हवे असणाऱ्यास टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक देणे चुकीचे, कारण त्याने शुक्रजंतूंची निर्मिती दबते. १९९२ च्या कायद्याने अमेरिकी माजी सैनिक विभागाला शरीराबाहेरील फलनाचा (आयव्हीएफ) खर्च करण्यास मनाई होती; २०१६ मध्ये सेवेतील इजेमुळे वंध्यत्व आलेल्या विवाहितांना आणि २०२४ मध्ये अविवाहित व समलिंगी विवाहितांनाही ती सोय खुली झाली.