गोवर नाही, डेंग्यू नाही, मग तळपायावर हे डाग कसले?

लहान मुलाला ताप आला आणि दोन-चार दिवसांत अंगावर लाल पुरळ उठलं की घरातला पहिला अंदाज गोवर, दुसरा डेंग्यू. इंडियन टिक टायफसचं नाव कोणाच्या तोंडी सहसा येतच नाही. हा गोचिडीतून येणारा आजार, विदर्भातल्या मुलांमध्येही सापडलेला, आणि नावात टायफस असलं तरी टायफॉईडशी काडीचा संबंध नाही (गुराढोरांना होतो तो गोचीडताप पण वेगळाच).

ह्याचा जंतू रिकेट्सिया. गोचीड चावली की तो रक्तात शिरतो आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात घर करतो, मग त्या वाहिन्या झिरपायला लागतात आणि तेच आपल्याला पुरळ म्हणून दिसतं. सुरुवातीला डाग दाबला की फिका पडतो, नंतर रक्तच बाहेर आलं की कितीही दाबा, जात नाही. गोवर कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरतो, हे पुरळ बऱ्याचदा हातापायांवर जास्त असतं आणि तळहात-तळपायही सोडत नाही. आजार फारच वाढला तर बोटांची टोकं, कानाच्या पाळ्या काळ्या पडू शकतात, कारण तिथे रक्तच पोचत नाही.

चावलेल्या जागी कधीकधी काळी खपली धरते. पण आपल्याकडे ती बऱ्याच मुलांत सापडतच नाही, आणि असली तरी केसांत, कानामागे, काखेत, जिथे आंघोळ घालतानाही नजर जात नाही. गोचीड चावताना दुखत नाही त्यामुळे "काही चावलं का?" ह्या प्रश्नाला घरचे खऱ्या मनाने नाही म्हणतात. त्यापेक्षा घरी कुत्रा आहे का, पोरगं गोठ्यात खेळतं का, हे विचारलेलं बरं.

वाइल-फेलिक्स ही रक्ताची स्वस्त टेस्ट पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा निगेटिव्हच येते, म्हणून डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करतात. पेनिसिलिनच्या जातीची औषधं इथे चालत नाहीत, जंतू पेशीच्या आत बसलेला असतो ना. डॉक्सिसायक्लिनने आठ वर्षांखालच्या मुलांचे दात पिवळे पडतील ही जुनी भीती, पण 2015 मध्ये अमेरिकेत लहानपणी हे औषध घेतलेल्या 58 मुलांचे दात तपासले, तसे डाग एकाच्याही दातांवर मिळाले नाहीत.

युरोपात तर ह्याच जंतूचे भाऊबंद मुलांच्या डोक्यात खपली आणि मानेत गाठी आणतात, पुरळ जवळपास नसतंच. खपली पडून गेल्यावर तिथे चक्क टक्कल राहतं, कधी कधी कित्येक महिने.