पार्किंग ब्रेकचे स्थानांतर (जुन्या मोटारींतील)

जुन्या मोटारीचे गिअरबॉक्स, आसने किंवा मागचा एक्सल बदलताना मूळ पार्किंग ब्रेकची मूठ, पेडल, केबल किंवा चाकाकडची यंत्रणा हलवावी अथवा नवी बसवावी लागते. त्या कामाला पार्किंग ब्रेकचे स्थानांतर म्हणतात. बोलताना सगळे ‘हँडब्रेक’ म्हणत असले, तरी कित्येक जुन्या गाड्यांत तो पायाने लागतो. मूठ नव्या जागी बसवायला एक दिवस पुरतो. वेळ लागतो तो मुठीपासून ब्रेक शूपर्यंतचा (शू म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून थांबवणारी पट्टी) जोर आणि चाल यांचा हिशेब नव्याने जुळवायला, आणि फसलेल्या बहुतेक कामांत नेमका तोच केलेला नसतो.

जागा का बदलावी लागते

१९६५ च्या फोर्ड मस्टँगमध्ये डॅशबोर्डखाली ओढायची मूठ होती, १९६७ ते १९६९ च्या शेवरोले कॅमारोमध्ये डाव्या कोपऱ्यात पायाचे पेडल, तर फोक्सवॅगन बीटलमध्ये दोन आसनांच्या मधे तरफ. ऑटोमॅटिक गाडीला हाताचा गिअर आणि क्लच बसवला की डाव्या पायाची जागा अपुरी पडते आणि ब्रेकचे पेडल आड येते. मोठ्या गिअरबॉक्ससाठी मधला टनेल (फरशीतला लांब उंचवटा) कापला, तर तिथून जाणाऱ्या केबलचा मार्गच नाहीसा होतो. मागे ड्रमऐवजी (चाकाबरोबर फिरणारे भांडे) डिस्क (पॅडच्या चिमटीत धरली जाणारी चकती) लावल्यावर जुनी केबल टोकाला जुळत नाही.

लँड रोव्हर सिरीज गाड्यांत आणि १९५० च्या दशकातील क्रायस्लर गाड्यांत पार्किंग ब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर (मागच्या एक्सलकडे फिरकी नेणाऱ्या दांड्यावर) असे. गिअरबॉक्स बदलला की हा ब्रेकही जातो आणि मागच्या चाकांवर नवा बसवावा लागतो. हा बदल स्वागतार्हच आहे. शाफ्टवरच्या ब्रेकमध्ये मागचे एक चाक जॅकने उचलले, की डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची जुळणी) ते मोकळे फिरते आणि ब्रेक लावलेला असूनही गाडी घरंगळू शकते.

जोर आणि चाल

संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या नियमानुसार भरलेली मोटार २० टक्के चढ-उतारावर पार्किंग ब्रेकने थांबून राहिली पाहिजे, आणि त्यासाठी हाताने ४०० किंवा पायाने ५०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. जुन्या गाडीला हा नियम लागू असो वा नसो, मोजमाप म्हणून तो उत्तम आहे.

भरलेली १,५०० किलोची गाडी अशा उतारावर सुमारे २,९०० न्यूटनने खाली ओढली जाते. चाकाची त्रिज्या ३२० मिमी धरल्यास प्रत्येक मागच्या चाकावर सुमारे ४६० न्यूटन-मीटर रोधक आघूर्ण (फिरणे अडवणारा पीळ) हवे. २५४ मिमी व्यासाच्या ड्रममध्ये त्यासाठी घर्षणबल साधारण ३,६०० न्यूटन लागते. डिस्कच्या पोटातल्या १९० मिमी ड्रममध्ये ते ४,८०० च्या वर जाते. लहान ड्रमला केबलचा ताण जास्त लागतो, तो असा.

मुठीच्या बाजूने पाहू. तरफेचे प्रमाण ६:१ असेल, तर ४०० न्यूटनचे केबलमध्ये २,४०० होतात. इक्वलायझर (ओढ दोन्ही केबलांत सारखी वाटणारा दुवा) ते दोन चाकांत वाटतो, म्हणजे प्रत्येकी १,२००, आणि त्यातूनही केबलच्या आवरणातले घर्षण वजा जाते. याच तरफेची मूठ २०० मिमी वर आली, तर केबल जेमतेम ३३ मिमी सरकते. प्रमाण वाढवले की जोर वाढतो आणि चाल घटते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. मूठ वरपर्यंत येऊनही गाडी सरकत असेल तर चाल कमी पडते आहे. दोन-तीन दात्यांतच (मूठ ओढताना ‘टक-टक’ करत तिला अडकवणाऱ्या खाचा) मूठ घट्ट होऊनही गाडी सरकत असेल, तर जोर कमी पडतो आहे.

अनेक जुन्या गाड्यांत फरशीखाली एक मधली तरफ असते आणि ती जोर आणखी वाढवते. केबलचा मार्ग सुटसुटीत करण्याच्या भरात ती काढून टाकली जाते, आणि मग नवी मूठच निकृष्ट असल्याचा ग्रह होतो. काढण्याआधी तिच्या दोन्ही बाहूंची लांबी मोजून ठेवावी.

चाकाकडची बाजू

मागे ड्रम असतील तर काम सोपे. डिस्कमध्ये तीन पर्याय आहेत. पहिला, डिस्कच्या पोटात वेगळा छोटा ड्रम. फोर्ड एक्सप्लोररच्या १९९५ नंतरच्या ८.८ इंची एक्सलवर हीच रचना आहे आणि शक्य असेल तिथे हीच निवडावी. दुसरा, पार्किंगसाठी स्वतंत्र यांत्रिक कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा). त्याचे पॅड झिजले की बहुधा हातानेच जुळवावे लागतात. तिसरा, एकाच कॅलिपरमध्ये दट्ट्या ढकलणारा स्क्रू, जसा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील कॅडिलॅक एल्डोराडोत होता. त्या धर्तीचे कॅलिपर जुन्या गाड्यांवर फार बसवले जातात आणि तक्रारीही त्यांच्याच जास्त. यात पॅडची झीज भरून काढणारी यंत्रणा पार्किंग ब्रेक लावण्या-सोडण्यानेच पुढे सरकते. महिनोन्महिने तो लावलाच नाही, तर फट वाढते आणि मुख्य ब्रेकचे पेडलही खोल जाऊ लागते.

मुठीची बैठक

फरशीचा पत्रा बहुधा एक मिलीमीटरच्या आसपास असतो. ३०० मिमी लांब मुठीवर ४०० न्यूटन लावले की बैठकीवर १२० न्यूटन-मीटर येतात. बोल्ट १०० मिमी अंतरावर असतील, तर पुढच्या जोडीवर त्यामुळे १,२०० न्यूटनचा उपसणारा ताण येतो, शिवाय केबलची आडवी ओढ वेगळी. नुसते वॉशर लावून कसलेली मूठ काही दिवसांत पत्रा फुगवते, मग फाडते. खालून ३ मिमी जाडीची पोलादी पट्टी बैठकीपेक्षा चारही बाजूंनी निदान ४० मिमी मोठी घ्यावी, कडा वेल्ड करावी, आणि ८.८ दर्जाचे चार एम-८ बोल्ट वापरावेत. छिद्रे पाडण्याआधी खालची इंधननळी, ब्रेकनळी आणि वायरिंग पाहून घ्यावे. आसन पूर्ण पुढे-मागे सरकवून आणि सर्व गिअर टाकून मुठीला कुठे अडथळा होत नाही ना, हेही बोल्ट कसण्यापूर्वीच पाहावे.

केबल

आवरणाची दोन्ही टोके पक्क्या ब्रॅकेटमध्ये अडकलेली हवीत. एखादे ब्रॅकेट वाकत असेल, तर ओढ तारेऐवजी ते वाकवण्यातच खर्च होते. ब्रेक लावताना दुसऱ्या माणसाला खालून पाहायला सांगितले की हा दोष लगेच दिसतो. वळणांची त्रिज्या १५० मिमीपेक्षा कमी नको, आणि वळणे जितकी थोडी तितके बरे. लांबी जुळवताना तारेची टोके दाबून बसवलेलीच असावीत. स्क्रूच्या चिमट्याने धरलेली तार भार आला की हळूहळू निसटते. एक्झॉस्टपासून ५० मिमी तरी अंतर ठेवावे आणि ते जमत नसेल तिथे उष्णतारोधक बाही चढवावी.

गाडी खाली बसवलेली किंवा एअर सस्पेन्शनची असेल, तर एक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना आणि पूर्ण वर दाबलेला असताना, अशा दोन्ही स्थितींत केबल सैल राहते का पाहावे. एका टोकाला ती ताणली जात असेल, तर खड्ड्यात चाक उतरताच ब्रेक आपोआप लागतो. आवरणाचा वाकणारा भाग सस्पेन्शनच्या बिजागरीजवळून नेल्यास ही अडचण बहुतेक सुटते.

जुळवणी

क्रम महत्त्वाचा आहे. केबल पूर्ण सैल करावी, चाकाकडची तरफ तिच्या मूळ थांब्याला टेकलेली आहे याची खात्री करावी, मग शू किंवा पॅड जुळवावेत आणि शेवटी केबलची ढिलाई काढावी. उलट क्रमाने, म्हणजे शूची फट केबल ताणून भरून काढली, तर तरफ थांब्यावर परतत नाही आणि आपोआप जुळणारी यंत्रणा अडकून पडते. मूठ पाच ते आठ दात्यांत घट्ट व्हावी आणि सोडल्यावर दोन्ही चाके हाताने मोकळी फिरावीत. नवी तार बसताना थोडी लांबते, म्हणून २००-३०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावी.

विजेचे आणि द्रवदाबाचे पर्याय

मूठच नको असेल, तर मोटरने केबल ओढणारा अॅक्चुएटर मिळतो. वीज गेल्यावरही ओढ टिकवणारा स्क्रू त्यात असावा, हाताने सोडण्याची सोय असावी आणि गाडी धावत असताना बटण दाबले जाणार नाही अशी जोडणी करावी. लाइन-लॉक (ब्रेकच्या नळीवरची झडप) मात्र पार्किंग ब्रेक नव्हे. तो दाबाखालचा ब्रेकचा द्रव कोंडून ठेवतो. ब्रेक थंड होताना द्रव आकसतो, सील किंचित गळते, आणि चांगली उभी केलेली गाडी काही तासांनी सुटू शकते.

चाचणी

पहिली चाचणी सपाट जागेवर करावी. ब्रेक लावून, पहिल्या गिअरमध्ये क्लच हलके सोडल्यावर इंजिन दबले पाहिजे. मग चाकांपासून थोडे अंतर ठेवून ठोकळे लावावेत आणि गाडी न्यूट्रलमध्ये उतारावर सोडावी, आधी नाक वर आणि नंतर खाली. काही ड्रम एका दिशेने चांगले धरतात आणि दुसऱ्या दिशेने सैल पडतात, हे एकाच बाजूच्या चाचणीत कळत नाही. डॅशबोर्डवरच्या इशारादिव्याचा स्विच नव्या मुठीला जोडताना त्याच तारेवर ब्रेक ऑइलच्या पातळीचा इशाराही असू शकतो. तार कापली तर तोही बंद पडतो.