गोदावरीत उणे ४३५ क्युसेक

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात: पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला? एमएस्सीला उपयोजित गणित घेतलेल्यांचा प्रश्न त्याच्या जरा आधीचा असतो. धरणाखाली सोडलेलं पाणी घाटावर कधी पोहोचेल, आणि किती?

काटेकोर उत्तरासाठी सेंट-व्हेनंटची १८७१ची आंशिक विकलक समीकरणं सोडवावी लागतात. त्यांना पात्राचे ठिकठिकाणचे छेद लागतात आणि ते एका सत्राच्या प्रकल्पात हाती येणं कठीण. तेव्हा मस्किंगम पद्धत बरी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात या नावाची नदी आहे, तिच्यावरून हे नाव पडलं.

यात नदीचा अख्खा पट्टा एक साठा मानतात. वरच्या टोकाला येणारं पाणी ही आवक, खालच्या टोकातून बाहेर पडणारं ती जावक:

साठा = के × [क्ष × आवक + (१ − क्ष) × जावक]

'के' म्हणजे ढोबळमानाने लाट पट्टा ओलांडायला घेते तो वेळ. 'क्ष' ० ते ०.५ मध्ये असतो. ० असेल तर पट्टा तलावासारखा वागतो, ०.५ ला लाट जवळपास न दबता पुढे सरकते. 'ट' ही वेळेची पायरी धरली तर:

नवी जावक = क१ × नवी आवक + क२ × जुनी आवक + क३ × जुनी जावक

भाजक = २ × के × (१ − क्ष) + ट
क१ = (ट − २ × के × क्ष) ÷ भाजक
क२ = (ट + २ × के × क्ष) ÷ भाजक
क३ = (२ × के × (१ − क्ष) − ट) ÷ भाजक

तिघांची बेरीज १ यायलाच हवी. नाही आली तर पुढे जाऊ नका, कंस तपासा.

आता के २ तास, क्ष ०.२ धरू (आकडे उदाहरणापुरते, गोदावरीवर मोजलेले नव्हेत). नदी १,००० क्युसेकने संथ वाहतेय आणि विसर्ग १०,००० झाला. एक तासाच्या पायरीने जावक १,४२९, मग ५,५१०, मग ७,६४८ येते. पटण्यासारखं आहे. पण पायरी बारीक तितकं उत्तर अचूक, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं; म्हणून १५ मिनिटांची पायरी घेतली, तर पहिलीच जावक येते उणे ४३५. म्हणजे नदी रामकुंडाकडून धरणाकडे वाहू लागली!

प्रोग्राममध्ये चूक नाही. आवक ९,००० ने वाढली की साठा त्याच क्षणी के × क्ष × ९,००० म्हणजे ३,६०० क्युसेक-तासांनी वाढलाच पाहिजे, असं साठ्याचं समीकरण म्हणतं. पंधरा मिनिटांत वरून येतं सरासरी ५,५०० च्या हिशेबाने जेमतेम १,३७५. उरलेलं पाणी समीकरण खालच्या टोकाकडून उसनं घेतं. म्हणून ट हा २ × के × क्ष पेक्षा कमी नको. इथे ४८ मिनिटं. वरची मर्यादा २ × के × (१ − क्ष), नाहीतर क३ उणे होतो.

पंधरा मिनिटांचीच पायरी हवी असेल तर पट्ट्याचे चार तुकडे करा. प्रत्येकाचा के अर्धा तास होतो आणि किमान पायरी १२ मिनिटांवर येते. मात्र तुकडे केले की पुराचं शिखर कमी दबतं, म्हणून मोजलेल्या पुराशी पुन्हा ताडून बघावं लागतं.

आणि ताडताना पुरातली एकूण जावक एकूण आवकेपेक्षा जास्त भरली, तर के-क्षशी खेळत बसू नका. मधल्या नाल्यांचं पाणी आवकेत धरायचं राहिलंय.