पर्समधलं पत्र: माइटोकॉन्ड्रियल आजाराच्या मुलांसाठी झालेल्या लढ्याची पार्श्वभूमी

माझ्या ताईच्या पर्समध्ये एक पत्र असतं. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं, घडीवर विरत चाललेलं, खाली मेटाबॉलिक, म्हणजे चयापचयाच्या आजारांच्या, तज्ज्ञांची सही आणि शिक्का. मजकूर जेमतेम आठ ओळींचा. या मुलाला माइटोकॉन्ड्रियल आजार आहे. त्याला उपाशी ठेवू नका. उलट्या होत असतील, तोंडाने काही जात नसेल तर वाट न बघता साखरेचं सलाईन लावा. रिंगर लॅक्टेट हे सलाईन टाळा. आकडी आली तरी व्हॅल्प्रोएट देऊ नका. रक्तातली साखर आणि लॅक्टेट (ऊर्जा नीट तयार होत नसली की साठणारा पदार्थ) लगेच तपासा. भूल द्यायची वेळ आली तर आधी आमच्याशी बोला. आणि शेवटी एक फोन नंबर.

भाचा तीन वर्षांचा असताना हे पत्र नव्हतं. एका रात्री ताप आणि उलट्या सुरू झाल्या म्हणून त्याला जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, केसपेपरवर ‘व्हायरल’ लिहिलं आणि सांगितलं, सकाळपर्यंत तोंडाने काही देऊ नका, पोटाला आराम मिळू दे. ताई सांगत राहिली की हा तापात मागे जातो, मागच्या तापात याचं चालणं गेलं होतं. “मॅडम, उगाच घाबरू नका,” एवढंच उत्तर मिळालं. सकाळी त्याने मान टाकली होती. मान पुन्हा धरायला त्याला पाच महिने लागले.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांना हे कुणी शिकवलंच नव्हतं. पण असं पत्र जगात कुठेतरी अस्तित्वात होतं, आणि ते तिथवर यायला अनेक आईबापांची आयुष्यं खर्ची पडली होती, हे मला नंतर कळलं.

आजार नेमका काय, ते आधी थोडक्यात. शाळेच्या पुस्तकात जिला तंतुकणिका म्हणतात ती माइटोकॉन्ड्रिया. खाल्लेल्या अन्नातून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा मुख्यतः तिथे तयार होते. त्या यंत्रणेतच बिघाड असला की ज्या अवयवांना सर्वांत जास्त ऊर्जा लागते ते आधी थकतात: मेंदू, स्नायू, हृदय, यकृत, डोळे, कान. म्हणून एका मुलाला आकड्या येतात, दुसऱ्याला ऐकू येईनासं होतं, तिसरं मूल नुसतंच वाढत नाही. साधारण पाच हजार जन्मांमागे एक, असं प्रमाण सांगितलं जातं. ताप, उलट्या आणि उपास या तीन गोष्टी अशा मुलासाठी संकट असतात, कारण ऊर्जेची गरज वाढलेली असते आणि पुरवठा आधीच तोकडा.

या आजाराच्या इतिहासातली पहिली रुग्णच अशी आहे की जिचं म्हणणं समजायला वैद्यकशास्त्राला अनेक वर्षं लागली. स्टॉकहोममध्ये डॉ. रॉल्फ लुफ्त यांच्याकडे आलेली ही बाई ३५ वर्षांची होती. वयाच्या सातव्या वर्षापासून तिला घामाच्या धारा लागायच्या, भूक प्रचंड होती आणि तरी अंगाला काही लागत नव्हतं. लक्षणं थायरॉइडची वाटावीत अशी, पण थायरॉइडमध्ये दोष सापडत नव्हता. लुफ्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या स्नायूंचा तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला, त्यातल्या माइटोकॉन्ड्रिया वेगळ्या काढून तपासल्या आणि १९६२ साली दाखवून दिलं की दोष तिथे आहे. सातव्या वर्षी सुरू झालेल्या त्रासाचं कारण तिला पस्तिशीत कळलं.

त्याआधी, १९५१ मध्ये, लंडनच्या डॉ. डेनिस ली यांनी सात महिन्यांच्या एका बाळाच्या मेंदूचं वर्णन लिहिलं होतं. बाळ गेल्यानंतरच्या तपासणीतून. मेंदूच्या खोलवरच्या भागात दोन्ही बाजूंना सारखेच डाग होते आणि ते थायमिनच्या, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या, अभावात दिसणाऱ्या डागांसारखे होते. आज ‘ली सिंड्रोम’ म्हणतात तो हाच, आणि लहान मुलांमधल्या माइटोकॉन्ड्रियल आजारांत तोच सर्वांत जास्त ऐकू येतो. त्या काळी त्याचं निदान मूल गेल्यावरच व्हायचं.

पुढचे टप्पे प्रयोगशाळेतले. माइटोकॉन्ड्रियात स्वतःचा डीएनए असतो हे १९६३ मध्ये दिसलं, १९८१ मध्ये केंब्रिजला त्याची १६,५६९ अक्षरं वाचून झाली आणि १९८८ मध्ये लंडन आणि अटलांटा इथल्या गटांनी त्यातल्या दोषांमुळे माणसं आजारी पडतात हे सिद्ध केलं. हा डीएनए आईकडून येतो. तिथून एक अर्धसत्य घराघरांत शिरलं: “हा आजार आईकडून येतो.” माझ्या ताईनेही ते ऐकलं, तेही सासरच्या माणसांकडून, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. खरं असं आहे की माइटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत फक्त ३७ जनुकं आहेत. तिला लागणारी हजारावर प्रथिनं पेशीच्या केंद्रातल्या जनुकांवरून बनतात आणि ती जनुकं आई आणि वडील दोघांकडून येतात. लहानपणी दिसणाऱ्या आजारांत बहुतेक वेळा दोष याच जनुकांत असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अनेक घरांत होती आणि आहे. तिथे दोघांत एकच दोष असण्याची शक्यता वाढते. पण ज्या घरात नात्यातलं लग्न नाही तिथेही हे घडतं, माझ्या ताईच्या घरात घडलं. मुलाची बाजू मांडायला निघालेल्या आईची अर्धी ताकद घरातला हा आरोप खोडण्यातच जाते, हे कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं सापडणार नाही.

विज्ञान पुढे गेलं तरी कॅज्युअल्टीतल्या त्या रात्रीसाठी त्याचा उपयोग नव्हता. ती पोकळी पालकांनी भरली. अमेरिकेत १९९६ मध्ये पिट्सबर्गला युनायटेड माइटोकॉन्ड्रियल डिसीज फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. तिच्या मुळाशी मुलं गमावलेले आणि आजारी मुलांना सांभाळणारे आईबाप होते. इंग्लंडमध्ये २००७ मध्ये आठ महिन्यांची लेक गमावलेल्या आईवडिलांनी तिच्याच नावाने लिली फाउंडेशन सुरू केलं. या मंडळींनी पैसा उभा केला, संशोधकांना गाठलं, पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते दुसरंच काम. वेगवेगळ्या गावांतल्या घरांत एकच गोष्ट घडते आहे, हे त्यांनी एकमेकांना सांगितलं. ‘तापात मागे जातो’ हे एका आईने म्हटलं तर ती घाबरलेली ठरते, शंभर जणींनी म्हटलं तर ते आजाराचं लक्षण ठरतं.

ही न ऐकण्याची खोड किती टोकाला जाऊ शकते ते २०१३ मध्ये बॉस्टनमध्ये दिसलं. कनेक्टिकटमधली १४ वर्षांची एक मुलगी. एका रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी तिच्यावर माइटोकॉन्ड्रियल आजाराचे उपचार चालवले होते, तर दुसऱ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना त्रासाचं मूळ मानसिक वाटलं. आईवडिलांचा हट्टच मुलीला अपाय करतो आहे असं म्हणून प्रकरण सरकारी बालसंरक्षण खात्याकडे गेलं आणि मुलीचा ताबा आईवडिलांकडून काढून घेतला गेला. ती घरी परतली ती जून २०१४ मध्ये, जवळजवळ सोळा महिन्यांनी. कुटुंबाने रुग्णालयावर दावा केला, २०२० मध्ये ज्यूरीने रुग्णालयाचा हलगर्जीपणा नव्हता असा कौल दिला. त्या मुलीला नक्की काय होतं यावर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण या प्रकरणानंतर अशा मुलांच्या पालकांच्या मनात एक धाक बसला: जास्त बोललो तर मूलच काढून घेतील. काही आया बोलायच्या थांबल्या असतील, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

लंडनमध्ये २०१७ साली उलटं टोक पाहायला मिळालं. माइटोकॉन्ड्रियल डीएनए कमी होत जाण्याचा आजार असलेल्या एका तान्ह्या बाळासाठी आईवडिलांनी अमेरिकेतल्या न्यूक्लिओसाइड उपचाराची (डीएनए बनवायला लागणारे घटक औषध म्हणून देण्याची) मागणी केली, लोकवर्गणीतून दहा लाखांहून अधिक पौंड जमा केले. मेंदूची हानी आता भरून येणारी नाही, उपचार लांबवणं बाळाच्या हिताचं नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं आणि न्यायालयांनी ते मान्य केलं. पहिल्या वाढदिवसाच्या आधी बाळ गेलं. मी दोन्ही बाजूंचं सगळं वाचलं आणि आईवडिलांसाठी रडले. तरीही मला वाटतं, मुलाची बाजू मांडणं म्हणजे शेवटच्या क्षणी कुठलाही उपचार मागणं नव्हे. लढाई फार आधी लढायला हवी, निदानाच्या वेळी, पहिल्या तापाच्या वेळी.

तशी लढाई कागदावर आली ती त्याच दशकात. माइटोकॉन्ड्रियल मेडिसिन सोसायटी या डॉक्टरांच्या संघटनेने २०१५ मध्ये निदान आणि उपचारांबद्दल एकमताने ठरवलेलं निवेदन काढलं आणि २०१७ मध्ये रुग्णांच्या नियमित काळजीचे निकष दिले: कान कधी तपासायचे, हृदय कधी, डोळे कधी, आजारपणात काय करायचं, कुठली औषधं जपून वापरायची. पर्समधल्या पत्राला वजन आलं ते अशा कागदांमुळे. व्हॅल्प्रोएटचंच बघा. आकडीसाठी सर्रास दिलं जाणारं औषध, पण पीओएलजी या जनुकात दोष असलेल्या मुलाचं यकृत त्याने निकामी होऊ शकतं. आज अमेरिकेत त्या औषधाच्या माहितीपत्रकात याचा इशारा ठळक चौकटीत छापलेला असतो. अर्थात पत्र प्रत्येक मुलाचं वेगळं. पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या मुलाला साखरेच्या सलाईनने लॅक्टेट वाढून उलट त्रास होऊ शकतो. म्हणून कुणाचं पत्र कुणी झेरॉक्स करून वापरू नये, हे मी भेटेल त्या पालकांना सांगते.

निदान लवकर का हवं, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही: १९९८ मध्ये सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनी एका आजाराचं वर्णन केलं. मेंदूतले डाग ली सिंड्रोमची आठवण करून देणारे, मूल तापानंतर मागे जाणारं. पण बायोटिनचे, आणि पुढे त्यासोबत थायमिनचे, मोठे डोस वेळेवर सुरू केले की मुलं सुधारत होती; दोष थायमिन पेशीत नेणाऱ्या यंत्रणेत आहे हे नंतर कळलं. दोन साधी जीवनसत्त्वं. ‘यावर काही औषध नाही’ असं सांगून ज्यांना घरी पाठवलं गेलं, त्यांत अशी मुलं किती असतील, या विचाराने झोप उडते.

भारतातली वाट वेगळ्या दारातून उघडली. गॉशे या दुर्मिळ आजाराच्या एका लहान मुलासाठी, रिक्षाचालकाच्या मुलासाठी, दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये सरकारला उपचार द्यायला लावले. त्यानंतर दुर्मिळ आजारांसाठी धोरण हवं हा रेटा वाढला. २०१७ मध्ये धोरण आलं, पण ते स्थगित झालं. मग मार्च २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांसाठीचं राष्ट्रीय धोरण जाहीर झालं. त्यात आजारांचे तीन गट आहेत: एकदाच करायच्या उपचाराने बरे होणारे, तुलनेने कमी खर्चात पण आयुष्यभर उपचार लागणारे, आणि औषध आहे पण अतिशय महाग असे. दुसऱ्या गटातल्या उपचारांच्या यादीत ‘माइटोकॉन्ड्रियल कॉकटेल’चा उल्लेख आहे. कोएन्झाइम क्यू-१०, कार्निटिन, रायबोफ्लेविन, थायमिन असं ते मिश्रण. ती एक ओळ वाचताना ताईने मला फोन केला होता. केमिस्टकडे ज्याला ‘टॉनिक’ म्हणतात, मेडिक्लेमवाले ‘व्हिटॅमिन’ म्हणून जे बिलातून कापतात, त्याला सरकारी कागदावर उपचार म्हटलं होतं.

सुरुवातीला केंद्राची वीस लाखांची मदत फक्त पहिल्या गटाला होती, दुसरा गट राज्यांच्या मर्जीवर. मे २०२२ मध्ये ते बदललं, तिन्ही गटांसाठी पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू लागली, ती नेमून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत. महाराष्ट्रातलं केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम रुग्णालय. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या घरासाठी परळ म्हणजे किती लांब, हे त्या घरालाच ठाऊक.

माझी तक्रार धोरणाच्या घडणीबद्दल आहे. सगळी मांडणी औषधाभोवती आहे. माइटोकॉन्ड्रियल आजारांच्या बहुतेक मुलांसाठी नेमकं औषध अजून नाही, म्हणून ती कुठल्याच चौकटीत नीट बसत नाहीत. पण त्यांना लागणाऱ्या गोष्टी आहेत: फिजिओथेरपी, गिळता येत नसेल तर पोटात नळी, कानाचं यंत्र, आकडीवर योग्य औषध, तापात लगेच बेड. हा खर्च महिन्यामहिन्याला घरातून जातो. तालुक्याच्या डॉक्टरला तज्ज्ञाशी फोनवर बोलता येईल अशी सोय आणि प्रत्येक निदानासोबत मुलाच्या हातात पत्र, एवढ्या मागणीला पन्नास लाख लागत नाहीत.

औषधांच्या आघाडीवर मात्र २०२५ हे वर्ष मोठं ठरलं. बार्थ सिंड्रोम या हृदय आणि स्नायू दुबळे करणाऱ्या माइटोकॉन्ड्रियल आजाराच्या मुलांच्या कुटुंबांनी इलामिप्रेटाइड या औषधासाठी अनेक वर्षं पाठपुरावा केला. अमेरिकेत या आजाराचे रुग्ण जेमतेम दीडशे, चाचण्यांना माणसं कुठून आणायची? मे महिन्यात एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, अर्ज फेटाळला, आणि सप्टेंबरमध्ये मंजुरी दिली, पण किमान ३० किलो वजनाच्या रुग्णांसाठी. सगळ्यांत लहान मुलं पुन्हा बाहेर. नोव्हेंबरमध्ये टीके-२ या जनुकातल्या दोषावरच्या न्यूक्लिओसाइड औषधाला मान्यता मिळाली. लंडनच्या त्या बाळाचा जनुकदोष वेगळा होता, पण त्याच्या आईवडिलांनी मागितलेला उपचार याच जातीचा.

भाचा आता सात वर्षांचा आहे. पत्र दर वर्षी नव्याने करून घ्यावं लागतं, कारण वजन बदललं की सलाईनचा वेग बदलतो. यंदाच्या पत्रात वजन १६ किलो लिहिलं आहे. जूनमध्ये ताईने शाळेसाठी त्याची मराठी प्रत करून घेतली: डबा उरवला तर कळवा, ताप वाटला तर सुट्टीची वाट बघू नका, लगेच फोन करा. बाईंनी ती हजेरीपटाच्या पहिल्या पानाला टाचली आहे.